माझ्याविरुद्ध उभी राहिलेली खुर्ची

मी आयुष्यात दोन निवडणुका लढले. पहिलीत माझ्यासमोर चार बायका होत्या. दुसरीत एक खुर्ची होती, आणि तीही रिकामी.

गावाचं नाव सांगत नाही. बालाघाट जिल्ह्यातलं आहे, किरनापुरहून बसने येता येतं, नगर परिषद आहे, एवढं पुरे. नाव सांगितलं तर जे दोन-तीन माजी पार्षद आता कुठे माझ्याशी बोलायला लागलेत, त्यांची तोंडं पुन्हा बंद होतील. नगरसेवकाला आमच्याकडे मराठी घरांतही पार्षदच म्हणतात.

अध्यक्ष व्हायचं माझ्या मनात कधीच नव्हतं. ते माझ्या मोठ्या दिरांच्या मनात होतं, आणि बरीच वर्षं होतं. दीर ठेकेदार. गावातले अर्धे रस्ते त्यांनी बांधले, आणि तेच रस्ते थोड्या थोड्या वर्षांनी पुन्हा बांधायची जबाबदारीही त्यांनीच उचलली, म्हणून लोक त्यांना समाजसेवक म्हणायचे. तेव्हा अध्यक्ष थेट जनतेतून निवडत. दिरांनी नवे कुर्ते शिवले, जेवणं घातली, आणि भोपाळला चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा आमच्या गावची जागा महिलांसाठी राखीव झाली. घरात दोन दिवस सुतक असल्यासारखं वाटत होतं. मग दिरांच्या लक्षात आलं की घरात महिला आहेत.

आधी जाऊबाईंना विचारलं. त्यांनी गुडघ्यांचं कारण सांगितलं. मग नंबर माझा. लग्नाआधी मी खैरलांजीकडच्या एका खाजगी शाळेत शिकवायचे, म्हणजे सही करण्यात काही अडचण नव्हती. 'तुले काहीच करायचं नाही,' दीर म्हणाले, 'फक्त उभं राह्यचं.' माझ्या नवऱ्याचं बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे. त्याने गिऱ्हाइकाला पोतं उचलून देता देता मान हलवली. ती मला होती की गिऱ्हाइकाला, हे अजून ठरलेलं नाही. घरातला निर्णय असा पूर्ण लोकशाही पद्धतीने झाला.

पोस्टरवर दिरांचा चेहरा दारापेक्षा मोठा होता आणि खालच्या कोपऱ्यात हात जोडलेली मी, पोस्टाच्या तिकिटाएवढी. प्रचारात मला बोलावं लागू नये याची सगळ्यांनी काळजी घेतली. निवडून आले त्या संध्याकाळी हार दिरांच्या गळ्यात पडले. इतके पडले की त्यांना मान वळवता येईना, तेव्हा त्यांनी दोन-तीन काढून माझ्याकडे दिले, धरायला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गाडीच्या मागच्या काचेवर अक्षरं आली, 'अध्यक्ष प्रतिनिधि'. म्हणजे जनतेची प्रतिनिधी मी, आणि माझे प्रतिनिधी ते. त्या हिशेबात जनता कुठे गेली, हे विचारायला कोणी आलं नाही.

पहिलं वर्ष मी सह्या केल्या. परिषदेची बैठक दारं लावून व्हायची. टेबलाच्या टोकाला माझी खुर्ची, तिच्या शेजारी दिरांची. तिथे बसायचा त्यांना कसलाच अधिकार नव्हता, पण तसं म्हणणारंही कोणी नव्हतं. पार्षद 'मंजूर' म्हणायचे, मुख्य नगरपालिका अधिकारी, ज्यांना सगळे सीएमओ साहेब म्हणत, ते माझ्यासमोर कागद सरकवायचे, समोसे यायचे. समोसे गार व्हायच्या आत गावाचा विकास आटोपलेला असायचा.

मग एका मे महिन्यात सभागृहातला कूलर बंद पडला. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्याला एका पेपरवाल्याने 'पारदर्शितेकडे ऐतिहासिक पाऊल' असं म्हटलं. पाऊल वगैरे काही नव्हतं. मला घाम येत होता. मी चपराशाला म्हटलं, दोन्ही दारं उघड. बाहेर दाखल्यासाठी, पेन्शनसाठी, नळासाठी आलेली माणसं उन्हात उभी होती. दारं उघडी दिसली तशी ती सावलीला आत आली आणि भिंतीला टेकून बसली. त्यांना कोणी हटकायच्या आत एका पार्षदाने सवयीने 'मंजूर' म्हटलं, आणि भिंतीपाशी बसलेल्या एका म्हाताऱ्याने अगदी सहज विचारलं, 'काय मंजूर झालं जी?'

पार्षद सीएमओ साहेबांकडे पाहू लागले, साहेब दिरांकडे. कोणालाच नक्की सांगता येईना. मग मी कागद उचलला आणि मोठ्याने वाचला. मीही तो पहिल्यांदाच वाचत होते.

पुढच्या बैठकीपर्यंत कूलर दुरुस्त झाला, पण माणसं आधीच दारात येऊन बसली होती. मी सतरंजी घालायला सांगितली. मला त्यात मजा येऊ लागली होती, हे खरं. घरी माझं वाचन कोणी ऐकून घेत नसे. इथे वीस-पंचवीस माणसं मान डोलवत ऐकायची, मध्येच अडवायची, 'हे वाला नाला कोणता, धोबी घाटापासचा का?' असं विचारायची. सीएमओ साहेबांना घाम पुसावा लागायचा, कूलर चालू असूनही. एकदा सतरंजीवरून कोणीतरी दिरांकडे बोट दाखवून विचारलं की हे कोणत्या वार्डाचे पार्षद आहेत. त्यानंतर दीर मागच्या खोलीत बसू लागले आणि तिथून खोकून मत व्यक्त करू लागले.

भांडण नालीवरून झालं. दिरांनी बाजारगल्लीत सिमेंटची नाली बांधली होती. दिसायला सुरेख. फीत कापायला मलाच नेलं होतं. पावसाळा आला तेव्हा कळलं की तिचा उतार नाल्याकडे नसून घरांकडे आहे. पाणी निघायचं आणि जरा फिरून परत यायचं. बैठकीत त्या गल्लीतली एक बाई उभी राहिली आणि तक्रारही न करता, नुसतं विचारल्यासारखं म्हणाली, 'आमी सांडपाणी बाहेर टाकतो, थेच पाणी घरात येते. मंग बाहेर कायले टाकावं?' सतरंजी हसली. पार्षदही हसले, मग मागच्या खोलीतला खोकला ऐकून थांबले. मी म्हटलं, नाली नीट होईपर्यंत बिल निघणार नाही.

त्या संध्याकाळी घरी मला ताट वाढलं गेलं. जेवण संपता संपता दीर म्हणाले, 'मीनं तुले उभं केलं, अन् तू तं बसूनच गेली.'

बाकी काही म्हणा, वाक्य चांगलं होतं. त्यांच्या कोणत्याही भाषणात इतकं चांगलं वाक्य मी ऐकलं नव्हतं.

त्यांनी नाली तोडून पुन्हा बांधली, आणि बांधता बांधता कायदा वाचायला घेतला. आमच्या घरात कायदा वाचणारे ते पहिलेच. आमच्या मध्य प्रदेशच्या कायद्यात एक अशी सोय आहे की बाहेरच्या माणसाला सांगितली तर त्याला ती थट्टा वाटते. अध्यक्ष नकोसा झाला तर तीन-चतुर्थांश पार्षदांनी कलेक्टरकडे लिहून द्यायचं, आणि मग पुन्हा जनतेचं मत घ्यायचं. मतदानाच्या यंत्रावर दोनच चित्रं. एक भरी कुर्सी, म्हणजे माणूस बसलेली खुर्ची. ती दाबली तर अध्यक्ष राहील. दुसरी खाली कुर्सी, म्हणजे रिकामी. ती दाबली तर अध्यक्ष घरी. चुकीचा माणूस निवडला तर पाच वर्षं सहन करायची गरज नाही, एवढा मोठा अधिकार जनतेला दिलेला आहे. तो वापरावा असं जनतेला क्वचित सुचतं. ठेकेदारांना लवकर सुचतं.

एरवी एकमेकांच्या लग्नाला न जाणारे दोन पक्षांचे पार्षद या कामासाठी एका गाडीत बसले. त्यांची मनं बदलू नयेत म्हणून दिरांनी त्यांना आधी रामटेकला देवदर्शनाला नेलं. तिथून परस्पर बालाघाटला, कलेक्टर साहेबांपुढे सह्या खऱ्या असल्याचं सांगायला. परत आले तेव्हा सगळ्यांच्या कपाळाला गंध होतं आणि पिशव्यांत संत्री. गावात इतका सर्वपक्षीय सलोखा मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. अर्जातला माझ्यावरचा पहिला आरोप तानाशाहीचा होता. मी बैठकीत बाहेरच्या लोकांना बसू देते. बाहेरचे म्हणजे ज्यांनी आम्हा सगळ्यांना निवडून दिलं ते.

मतदान जाहीर झालं तेव्हा धानाची कापणी आटोपली होती आणि लोकांकडे वेळ होता. दोन्ही बाजूंचं कार्यालय आमच्याच घरात. पुढच्या खोलीत खाली कुर्सी, मागच्या अंगणात भरी कुर्सी, आणि स्वयंपाकघर सामाईक. पोहे एकाच कढईत व्हायचे. मला हटवायला आलेले कार्यकर्ते आदबीने कप पुढे करून म्हणायचे, 'भाभीजी, थोड़ी चाय और.' मी माझ्याविरुद्धच्या प्रचाराला चहा पाजत होते, आणि साखर कमी पडू देत नव्हते. सासूबाई दोन्ही कार्यालयांच्या मधल्या पडवीत लसूण सोलत बसायच्या आणि जो जेवल्याशिवाय बाहेर निघे त्याला रागवायच्या, मग तो कोणत्याही खुर्चीचा असो. माझ्या नवऱ्याने पूर्ण तटस्थ राहायचं ठरवलं. सकाळी दुकानात भावाची पत्रकं, दुपारी माझी. खत घ्यायला आलेल्याच्या हाती वेळेप्रमाणे जे पडेल ते.

दिरांनी एका ऑटोच्या टपावर प्लास्टिकची लाल खुर्ची बांधली, तिला हार घातला आणि भोंगा लावून गावभर फिरवली. सुरुवातीला मला हसू आलं. मग लक्षात आलं की इतकी चांगली उमेदवार गावाला कधी मिळालीच नव्हती. ती खोटं बोललेली नव्हती. तिचा कोणी दीर नव्हता. तिने कोणाला वचन दिलं नव्हतं, त्यामुळे मोडलंही नव्हतं. मी दारोदारी जाऊन विचारायचे, रिकामी खुर्ची तुमची कामं करील का? लोक मला बसायला पाट द्यायचे आणि प्रामाणिकपणे म्हणायचे, आजवर भरलेलीनं तरी कुठं केली. मग मी चहा घ्यायचे आणि पुढच्या घरी जायचे.

सतरंजीवर येणाऱ्या काही बायका माझ्यासोबत फिरत होत्या. अर्धा वेळ आमचा चित्रं समजावण्यात जायचा. आम्ही सांगायचो, बसलेला माणूस दाबा. लोक विचारायचे, पण चित्रात तर बाप्या बसलेला दिसतो, तुम्ही कुठे आहात? मी म्हणायचे, तो बाप्या म्हणजे मी. म्हातारी माणसं यावर मान हलवायची, कारण गेली दोन-अडीच वर्षं त्यांनीही असंच काहीतरी पाहिलं होतं.

मतदानाच्या दिवशी सासूबाई सकाळीच तयार झाल्या. पेटीतलं ठेवणीतलं लुगडं नेसल्या, कोणाचाही हात न धरता शाळेतल्या बूथवर गेल्या आणि बोटावरची शाई दाखवत परत आल्या. पुढची खोली ओलांडून सरळ माझ्याकडे आल्या आणि माझ्या कानाशी लागल्या. 'कोणाले सांगू नको,' त्या म्हणाल्या, 'एक कुर्सी खालीच होती. म्हटलं, माही सून बसते तिथं. थेच दाबली.'

मी वाकून त्यांच्या पाया पडले. दुसरं काय करणार. त्यांनी तोंडभरून आशीर्वाद दिला. अशा प्रेमळ सासवा गावात आणखी किती होत्या, हे त्या यंत्राला ठाऊक.

निकालाच्या दिवशी खुर्ची जिंकली. फार नाही, थोडक्यात जिंकली, पण जिंकली. विजयी उमेदवाराची मिरवणूक निघाली. चौघांनी खुर्ची खांद्यावर घेतली, तिच्यावर गुलाल उधळला, पुढे बँड. कोणी तिच्यावर बसलं असतं तर बरं दिसलं असतं, पण बसायचं कोणी यावरून पार्षदांचं तोवर भांडण लागलं होतं. मिरवणूक आमच्या दारावरून गेली. मी ओट्यावर उभी होते. बँडवाल्याने मला पाहून सवयीने नमस्कार केला आणि दोन सूर चुकवले. मला वाईट वाटलं का? वाटलं. माणसाकडून हरलं की निदान त्याला चार शिव्या देता येतात.

दिरांचा आनंद आठवडाभर टिकला. मग कोणीतरी त्यांच्या लक्षात आणून दिलं की मी गेले तरी आरक्षण तिथेच आहे. पोटनिवडणुकीतही महिलाच लागणार. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात आले आणि जाऊबाईंना म्हणाले, या बारीले तू उभी राह्य. गुडघ्यांसाठी गोंदियाचा डॉक्टर आहे, असंही म्हणाले. जाऊबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांनी हातातली पोळी तव्यावर टाकली आणि वर न बघता म्हणाल्या, 'मी नाही राहत. मी तं हिलेच मत देलं होतं.'

दिरांनी विचारलं, 'काहून?'

'तुमच्या नालीचं पाणी आपल्याच मोरीत येत होतं. पावसाळाभर उपसलं मीनं.'

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दिरांना जाऊबाईंच्या राजकीय मताची त्या दिवशी पहिल्यांदा कल्पना आली. मलाही. जाऊबाईंनी पोळी उलटली आणि मला तूप पुढे करायला सांगितलं. तो विषय घरात पुन्हा निघाला नाही. दिरांनी मग समोरच्या पक्षातल्या एका पार्षदाची तरुण बायको शोधली. सर्वपक्षीय सलोखा पुन्हा कामी आला.

निवडणूक होईस्तोवर परिषद एका सरकारी अधिकाऱ्याच्या ताब्यात होती. त्यांनी पहिल्याच बैठकीला दारं लावून घेतली. लोक व्हरांड्यात बसले, आणि आत काही वाचलं जात नाही हे कळल्यावर बाहेरून विचारू लागले, मग गाऊ लागले, मग कोणीतरी दाराशी शेंगदाणे विकू लागला. शेवटी साहेबांनी दारं उघडायला लावली. मी तिथे नव्हते. हे सगळं मला दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाने सांगितलं. ऐकून मी घरात बसल्या बसल्या मनातल्या मनात स्वतःच्या गळ्यात एक हार घालून घेतला. मी हरले, पण माझी दारं उघडी राहिली, असं एक वाक्यही तयार करून ठेवलं. कोणी मुलाखत घ्यायला आलं तर लागलं असतं.

मुलाखत घ्यायला कोणी आलं नाही. बाजारात एक बाई भेटली. तलावापलीकडच्या मोहल्ल्यात राहायची, माझ्या बैठकांना न चुकता यायची, सतरंजीवर सगळ्यांत पुढे बसायची. माझ्या मनात ती अगदी पक्की आमची होती. मी वांगी निवडत होते, ती शेजारी येऊन उभी राहिली. 'बाई, राग नका मानू,' ती म्हणाली, 'म्या खाली कुर्सी दाबली.'

मी समजूतदारपणे म्हटलं, चित्रं कळायला कठीणच होती, आमच्या सासूबाईंचंही तसंच झालं.

'नाई जी. समजूनच दाबली,' ती म्हणाली. 'नळाचं म्या दर बैठकीले इचारलं. तुमी दर बारी मन लावून आयकलं. पाणी नाई आलं.'

माझ्याकडे कारणं तयार होती. पार्षद ऐकत नव्हते, साहेब कागद दाबून बसले होते, भोपाळहून मंजुरी यायची होती. मी ती सगळी तिला सांगितली. तिने मन लावून ऐकून घेतली, अगदी मी तिचं ऐकायचे तशी. मग म्हणाली की वांगी आज बरी नाहीत, पलीकडच्या कोपऱ्यात चांगली आहेत.

घरी येताना मला त्या बाईचा राग आला होता. चांगलाच आला होता. दिरांना मी ओळखत होते, पार्षदांच्या रामटेकच्या संत्र्यांचा मला हिशेब लागत होता, सासूबाईंवर तर मी हसूच शकत होते. पण गावात एक माणूस असं निघालं होतं, ज्याने मला पाहून, ऐकून, विचार करून, त्या कायद्यात लिहिलंय अगदी तसंच, हटवलं होतं. दिरांनी तो कायदा माझ्यासाठी शोधून काढला होता आणि वापरला होता तिने. दोन दिवसांनी राग उतरला. उतरल्यावर लक्षात आलं की मला पडलेल्या मतांत असं समजून दिलेलं मत कोणतं, हे मला जाऊबाईंचं सोडून एकाचंही सांगता आलं नसतं.

नवी अध्यक्ष निवडून आली. पोरगीच, माझ्या भाचीच्या वयाची. तिच्या पहिल्या बैठकीला मी गेले. टेबलाच्या टोकाला ती, शेजारी तिचा नवरा, मागच्या खोलीत माझे दीर. मी सतरंजीवर त्या बाईच्या शेजारी बसले. तिने सरकून जागा दिली. माझी वेळ आली तेव्हा मी उठून विचारलं की तलावापलीकडच्या नळाचं काय झालं. त्या पोरीने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने सीएमओ साहेबांकडे, साहेबांनी पंख्याकडे. मग ती हिंदीत म्हणाली की पुढच्या बैठकीत सांगेल. मी म्हटलं, मी येईन. मला वाटलं होतं मी फार बाणेदार उत्तर दिलं, पण शेजारची बाई तोवर उठून पदर झटकू लागली होती.

'पुढच्या बारी जरा लवकर या,' ती मला म्हणाली. 'पंख्याखालची जागा लवकर भरते.'